तेराव्या होलचे ते ३५ यार्ड

गोल्फचा होल (म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) लांब केला की लांब मारणाऱ्यांचंच फावतं, हे ऐकून ऐकून वैताग आलाय. कुठला होल, टी (पहिला फटका मारायची जागा) का मागे नेला, हे बघायचंच नाही का?

मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबचा तेरावा घ्या. पार ५, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा, आणि डॉगलेग, म्हणजे मध्येच डावीकडे वळणारा. डाव्या कडेने ओढा आणि तोच पुढे ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताच्या) तोंडाशी आडवा येतो. ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला लांब फटका, ओढ्याला चिकटून मारायची हिंमत केली तर अंतर कमी राहतं आणि पायाखाली जरा सपाट जागा मिळते. घाबरून उजवीकडे मारला तर बॉल उतारावर, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांपेक्षा वर, आणि अशा जागेवरून लाँग आयर्न (लांब अंतराची, सांभाळायला अवघड काठी) मारायचं म्हणजे बॉल डावीकडे पळणार, थोडा कमी पडला तर थेट पाण्यात. आता दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं की ओढ्याच्या अलीकडे ठेवायचा? ऑगस्टाचा संस्थापक बॉबी जोन्सचं म्हणणंच होतं की हा निर्णय खेळाडूला जड गेला पाहिजे. त्याने आणि कोर्सचा आराखडा करणाऱ्या अलिस्टर मॅकेन्झीने या होलचा सगळा जीव त्या एका निर्णयात ठेवलाय.

आणि २०१४ ला मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी लांब मारणाऱ्या बबा वॉटसनने काय केलं, तर वळणावरच्या झाडांवरून ड्राइव्ह, ३६६ यार्ड, आणि दुसऱ्या शॉटला हातात वेज, म्हणजे जवळून मारायची सोपी काठी! शॉट अफलातून होता, वादच नाही, पण वेज हातात असताना ओढा काय आणि उतार काय, कोण विचार करतंय. बबा एकटा नाही हो. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये) १९८० ला सरासरी ड्राइव्ह २५७ यार्डांच्या आसपास होता, २०२३ मध्ये जवळजवळ ३००. बॉल बदलला, ड्रायव्हर बदलला, वळण मात्र तिथंच राहिलं.

म्हणून क्लबने शेजारच्या कंट्री क्लबकडून जमीन विकत घेऊन टी मागे नेला आणि २०२३ च्या मास्टर्सला ५१० चा होल ५४५ झाला. मला हे शंभर टक्के पटतं. ३५ यार्डांनी होल नुसता अवघड नाही झाला, झाडांवरून जायचा शॉर्टकट महाग झाला आणि लांब मारणाऱ्यालाही परत लाँग आयर्न हातात घेऊन उभं राहावं लागतं.

हां, मध्यम अंतर मारणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. त्यांच्यातले बरेच जण आता सरळ ले-अप करतात, ओढ्याच्या अलीकडेच बॉल ठेवतात, म्हणजे त्यांचा निर्णय टीवरच होऊन जातो आणि हे मला खटकतं. पण त्याला उपाय आहे की, स्पर्धेच्या चारपैकी एखाद्या दिवशी टी मार्कर (टीची खूण) पुढे आणा, शक्यतो रविवारीच, म्हणजे सगळ्यांनाच मोह होईल.

आणि बाकीच्या क्लबांनी प्लीज ही नक्कल करू नये. सरळसोट पार ४ ला मागे ५० यार्ड जोडून कसली स्ट्रॅटेजी येणार, नुसती पायपीट वाढते, पाणी आणि गवताचा खर्च वाढतो. तिथे बंकर (वाळूचे खड्डे) हलवा, फेअरवेचा (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) कोन बदला. लांबीचं मूळ दुखणं बॉलमध्ये आहे आणि गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए, यूएसजीए या संस्थांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बॉल किती लांब जातो याची टेस्ट कडक करायचं जाहीर केलंय, त्यावर बॉल बनवणाऱ्या कंपन्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी या संस्थांनी मागे हटू नये, कारण शेजारची जमीन विकत घ्यायला प्रत्येक क्लब काही ऑगस्टा नाही.