‘पोलॉक कुठेच शिकला नाही’? आधी त्याची पत्रं वाचा

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, रंग ओतून, शिंपडून केलेल्या चित्रांसाठी गाजलेल्या अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकला शाळेतून हाकललं होतं, त्याला साधं चित्र काढता येत नव्हतं, तो कुठेच शिकला नाही, एकदा चुकून कॅनव्हासवर रंग सांडला आणि नशीब उघडलं, बाकी सगळं सीआयएनं केलं. शेवटी सल्ला: मुलांच्या ड्रॉइंग क्लासवर पैसे घालवू नका. माझ्या बहिणीला हे पटलं आणि इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या भाचीचा क्लास बंद करायचं घरात घाटू लागलं. म्हणून आता गप्प बसवत नाही.

शाळेतून काढलं, हे खरं. लॉस एंजेलिसच्या मॅन्युअल आर्ट्स हायस्कूलमधून, तेही एकदा नव्हे. पण कारण काय? आधी शाळेत खेळांचं फार स्तोम माजलंय म्हणून पत्रक काढलं, आणि १९२९ साली शारीरिक शिक्षणाच्या प्रमुखाशी मारामारी झाली. यात चित्रकलेचा काय संबंध? उलट त्याच शाळेतल्या श्वान्कोव्स्की या कलाशिक्षकांनीच त्याला वाट दाखवली.

‘चित्र काढता येत नव्हतं’ हेही अर्धं खरं आहे, आणि ते खुद्द पोलॉकनंच लिहून ठेवलंय. ३१ जानेवारी १९३० रोजी, नुकतीच अठरा पूर्ण केलेल्या जॅक्सननं थोरल्या भावाला, चार्ल्सला पत्र लिहिलं. माझं रेखाटन अगदी टाकाऊ आहे, त्यात मोकळेपणा नाही, लय नाही, ते थंड आणि निर्जीव आहे, पाठवायला टपालखर्चाच्याही लायकीचं नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पण त्याच पत्रात मातीकाम सुरू केल्याचं आणि शिक्षकांनी थोडा हुरूप दिल्याचंही आहे. पोलॉक कुटुंबाची कागदपत्रं स्मिथसोनियनच्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’मध्ये आहेत, त्यातली बरीचशी स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत ठेवली आहेत. ती न उघडताच मजकूर पुढे ढकलला जातो, याचा मला खरा संताप येतो.

कारण रेखाटन जमत नाही हे कळल्यावर हा मुलगा काय करतो? त्याच वर्षी चार्ल्सबरोबर न्यूयॉर्क गाठतो आणि आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत थॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराच्या हाताखाली शिकायला बसतो. बेंटन जुन्या उस्तादांच्या चित्रांची रचना सुटी करून दाखवायचा: मधे एक उभा अक्ष कल्पायचा, त्याभोवती आकारांचे भरीव भाग कसे वळतात ते पाहायचं, मानवी देह खोलगट आणि फुगीर भागांत समजून घ्यायचा. ‘अमेरिका टुडे’ या बेंटनच्या भित्तिचित्रांसाठी पोलॉक मॉडेल म्हणूनही उभा राहिला. पदवी त्याला मिळाली नाही, हे मान्य. पण लीग पदव्या देतच नव्हती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या तीसच्या दशकातल्या तीन स्केचबुका आहेत. एल ग्रेको, रूबेन्स, मायकेलअँजेलो यांच्या आकृत्या घेऊन त्यानं पेन्सिलीनं ठोकळे पाडलेत, वळसे काढलेत, पुन्हा पुन्हा. म्हणजे लीगचा वर्ग सुटून काही वर्षं झाली तरी हा माणूस अभ्यास गिरवत होता. पुढे १९४४ साली तो म्हणाला की बेंटनकडचं शिक्षण महत्त्वाचं ठरलं, कारण त्याविरुद्ध नंतर जोरात उसळून उठता आलं. ज्याच्या विरोधात उठायचं ते आधी हातात यावं लागतं. भाचीच्या स्थिरचित्रातला तांब्या तिरका पडतो, म्हणून तिचा क्लास थांबवायला पोलॉकचा दाखला देणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा उलटा अर्थ लावणं आहे.

चुकून रंग सांडल्याची गोष्ट तर निव्वळ थाप. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकन चित्रकार सिकेरोसच्या कार्यशाळेत त्यानं कारखान्यातले रंग ओतणं, शिंपडणं जवळून पाहिलं आणि केलं. जमिनीवर कॅनव्हास अंथरून ओतलेली ती प्रसिद्ध चित्रं १९४७पासूनची. मधे अकरा वर्षं गेली. १९५०च्या मुलाखतीत त्यानं सांगितलंय की मी अपघात मानतच नाही.

सीआयएबद्दल एवढंच. ‘लाइफ’ साप्ताहिकानं पोलॉकबद्दल ‘हा अमेरिकेतला सर्वांत थोर हयात चित्रकार आहे का?’ असं विचारलं ते ऑगस्ट १९४९मध्ये. सीआयएच्या पैशावर चाललेली ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही सांस्कृतिक संघटना स्थापन झाली १९५० साली. म्हणजे त्याचं नाव त्याआधीच झालं होतं. पुढे शीतयुद्धात या चित्रांचा प्रचारासाठी वापर झाला, हे नाकारत नाही. पण त्यामुळे मेट्रोपॉलिटनमधल्या त्या तीन वह्या कोऱ्या होत नाहीत.