डेनेरिसनं शहर जाळलं, पण ती बाई होती म्हणून नाही

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. ‘गेम ऑफ थ्रोन्सच्या शेवटाचं सत्य’ असं मथळ्यात (राजगादीसाठी लढणाऱ्या घराण्यांची ही एचबीओ या अमेरिकन चॅनेलची मालिका), खाली सहा मुद्दे. शेवटचा सीझन फ्लॉप झाला. लेखकांनी स्टार वॉर्ससाठी घाईघाईत गाशा गुंडाळला. शेवट मूळ कादंबऱ्यांचा लेखक मार्टिन याचा नाहीच. कॉफीचा कप फ्रेममध्ये राहिला, म्हणजे कुणाला पर्वाच नव्हती. लाखो सह्या झाल्यामुळे एचबीओ तो सीझन पुन्हा काढणार आहे. आणि सहावा: शेवटी शरण आलेली राजधानी जाळणारी ड्रॅगनवाली राणी डेनेरिस, तिच्या रक्तातच वेड होतं, त्यात बाईच्या हातात सत्ता, मग शहर जळणारच, हाच मालिकेचा संदेश. त्याखाली एका काकांनी लिहिलं, ‘म्हणून मुलींना फार डोक्यावर बसवू नये.’ चार अंगठेही आले त्यावर.

हे सगळं ऐरोलीच्या माझ्या भाचीनंही वाचलं. बारावीची परीक्षा झाल्यावर ती मालिका बघायला बसली होती. चौथ्या सीझनच्या पाचव्या एपिसोडपर्यंत पोचली होती आणि डेनेरिस तिची सगळ्यात लाडकी. शेवट तिला असा कळला. रात्री फोन करून म्हणाली, ‘मावशी, ती वेडीच होणार असेल तर मी पुढे कशाला बघू?’

म्हणून सहाव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

रक्ताचं म्हणणं एका नावापाशी कोसळतं: जॉन स्नो. तो डेनेरिसच्या थोरल्या भावाचा, रेगार टारगेरियनचा मुलगा, म्हणजे डेनेरिसचा सख्खा भाचा. तेच घराणं, तेच रक्त. मग त्यानं कुठलं शहर जाळलं? टारगेरियन जन्माला आला की तो थोर होणार की वेडा हे ठरवायला देव नाणं उडवतात, असं मालिकेत लोक बोलतात खरं, पण ती त्या पात्रांची समजूत आहे. मालिकेनं जॉनला समोर ठेवून ती खोटी पाडली आहे.

आता बाईचं. ज्या शेवटच्या एपिसोडमध्ये डेनेरिस मरते, त्याच एपिसोडमध्ये सान्सा स्टार्क उत्तरेची राणी होते. उरलेल्या सहा राज्यांपासून वेगळी, स्वतंत्र. शेवटच्या काही मिनिटांत तिच्या डोक्यावर मुकुट चढतो आणि दरबार तिच्या नावाचा जयघोष करतो. ब्रिएन ही योद्धा स्त्री राजाच्या अंगरक्षक दलाची प्रमुख होते. बायकांना सत्ता झेपत नाही हा संदेश असता, तर हे दोन प्रसंग तिथे कशाला आले असते? फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एपिसोड शेवटपर्यंत पाहिला नाही, किंवा पाहून लपवला.

आणि जाळपोळीचाच हिशेब करायचा तर पुरुषांचाही करा. स्टॅनिस हा शिस्तीचा, न्यायाचा म्हणून ओळखला जाणारा सेनापती. त्यानं राज्यासाठी स्वतःच्या एकुलत्या एका मुलीला चितेवर चढवलं. सर्सी या राणीनं वाइल्डफायर नावाच्या स्फोटक द्रवानं मंदिर उडवलं, पण ते वाइल्डफायर शहराखाली पुरून ठेवलं होतं वेड्या राजानं, डेनेरिसच्या बापानं. स्टॅनिसवरून कुणी लिहिलं का, की पुरुषांना डोक्यावर बसवू नये?

डेनेरिसचं खरं काय झालं ते भाचीनं नुकत्याच पाहिलेल्या एपिसोडांतच आहे. ती मीरीन या गुलामगिरीच्या शहराकडे जाताना वाटेवर तिथल्या मालकांनी १६३ गुलाम मुलांना खांबांवर ठोकलेलं असतं. शहर जिंकल्यावर ती मोजून १६३ मालकांना तसंच ठोकते. त्यातला कोण दोषी, कोण नाही, हे ती विचारत नाही. पुढे हिझदार हा तिथला एक उमराव येऊन सांगतो, माझा बाप त्या मुलांच्या हत्येविरुद्ध बोलला होता, आणि तोही त्या १६३ मध्ये गेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिळे ठोकले जाताना मला बरं वाटलं होतं. आपण न्यायाच्या बाजूचे आहोत, तेव्हा आपल्याला चौकशीची गरज नाही, हा तिचा विश्वास तिथून वाढत जातो. तो कुठल्याही सत्ताधाऱ्याला लागू शकतो. आठव्या सीझनमध्ये तिच्याभोवतीची माणसं एकेक करून जातात: विश्वासू जोरा मरतो, रेगाल हा ड्रॅगन पडतो, सखी मिसांदेईचं मुंडकं उडवलं जातं, सल्लागार व्हॅरिस तिच्याविरुद्ध कट करतो. उरतो तो विश्वास आणि एक ड्रॅगन.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

फ्लॉप? शेवटचा एपिसोड पहिल्याच रात्री अमेरिकेत १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेसह १२ एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले. आणि आमचं ठाणं विचाराल, तर २९ एप्रिल २०१९ ला इथे लोकसभेचं मतदान होतं आणि त्याच सकाळी साडेसहाला तिसरा एपिसोड आला. नौपाड्यात मैत्रिणीच्या घरी आम्ही सात जण खिडक्यांवर चादरी टांगून बसलो होतो. बाहेर उजाडलेलं, आणि ८२ मिनिटांची ती लढाई इतकी काळोखी की कोण कुणाला मारतंय ते कळेना. काळोखाची तक्रार रास्तच होती. तो संपवून आम्ही तसेच मतदानाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो, आणि रांगेतही ती लढाई संपवणाऱ्या आर्याचीच चर्चा.

स्टार वॉर्सचं म्हणणं सगळ्यात जास्त फिरतं, आणि ते साध्या तारखांनी खोटं ठरतं. मालिकेचे लेखक बेनिऑफ आणि वाइस यांनी एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हरायटी’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं की सहाव्या सीझननंतर साधारण १३ एपिसोड उरले आहेत. पुढे सातव्याचे ७ झाले, आठव्याचे ६. बेरीज करून बघा. त्यांना स्टार वॉर्सचे चित्रपट मिळाल्याची घोषणा झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये, जवळपास दोन वर्षांनी. आणि ते चित्रपट त्यांनी केलेच नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर पडले.

घाई झाली, हे मात्र मला मान्य करावं लागतं. चॅनेल जास्त एपिसोड द्यायला तयार होतं, यांनीच थांबायचं ठरवलं. शरणागतीची घंटा वाजते आणि काही क्षणांत डेनेरिस शहरावर तुटून पडते. त्यानंतर कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे जवळपास फिरकतच नाही. ज्या माणसासोबत आपण आठ सीझन चाललो, तिच्या आयुष्यातल्या सर्वात भयंकर निर्णयात आपल्याला तिच्याजवळ उभं राहू दिलं नाही. याचा राग मला आजही आहे. पण ही लेखनाची चूक आहे. तिच्यावरून मुलींना धडे देऊ नका.

मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११ चं, सहावं अजून आलेलं नाही. शेवटाचे मोठे टप्पे त्यानं या दोघांना सांगितले होते, सान्साचा भाऊ ब्रॅन शेवटी राजा होणं त्यातलंच. वाट मात्र यांची. कॉफीचा कप ही चूक होती, तो नंतर चित्रातून पुसला. सह्या पंधरा लाखांच्या वर गेल्या हे खरं, पण सीझन पुन्हा काढण्याचा विचार कधी गंभीरपणे केलाच नाही, असं एचबीओनं २०१९ मध्येच सांगून टाकलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आहे, काकांचं नाव घेऊन. भाचीला वेगळं लिहिलं: चौथ्या सीझनचा दहावा एपिसोड बघ. एक धनगर आपल्या तीन वर्षांच्या मुलीची जळालेली हाडं घेऊन डेनेरिससमोर येतो, आणि ती आपल्या दोन ड्रॅगनना, ज्यांना ती पोटची पोरं म्हणते, स्वतःच्या हातानं साखळदंड घालून अंधारात बंद करते. ते मागे ओरडत राहतात आणि ती रडत बाहेर येते. ते बघ आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.