ध्वजनौका सर्वांत मोठीच असते का?

अंतराळयुद्धाच्या विज्ञानकथांविषयी एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते: सरसेनापती आपला ध्वज ताफ्यातल्या सर्वांत मोठ्या जहाजावरच लावतो, म्हणजे तिथूनच ताफ्याची सूत्रे हलवतो, कारण तिथे तो सर्वाधिक सुरक्षित असतो आणि खऱ्या आरमारांतही हीच रीत आहे. या तिन्ही दाव्यांपैकी एकही तपासणीत टिकत नाही.

खऱ्या आरमारांचा दावा आधी घेतो, कारण कथांमधली आरमारे बेतलेली आहेत ती समुद्रावरच्याच आरमारांवर. जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्राच्या लढाईत अमेरिकेच्या ॲडमिरल स्प्रूअन्स यांच्या हुकमतीखाली १५ विमानवाहू नौका आणि ७ वेगवान युद्धनौका होत्या. ते स्वतः मात्र १९३२ साली सेवेत आलेल्या ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरवर, म्हणजे बड्या युद्धनौकांपेक्षा लहान लढाऊ नौकेवर, होते. सेनापतीला पाहणीसाठी कुठे जावे लागले, तरी एखादी बडी नौका फळीतून काढावी लागू नये, हा त्यामागचा विचार होता. याउलट, जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईच्या वेळी जपानचे ॲडमिरल यामामोतो जगातल्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेवर, ‘यामातो’वर होते. ही नौका आघाडीच्या शेकडो मैल मागे होती आणि ठावठिकाणा उघड होऊ नये म्हणून तिला रेडिओ मौन पाळावे लागत होते. त्यामुळे पुढे जपानच्या विमानवाहू नौका पेटत असताना त्या अजस्र नौकेचा आणि तिच्या तोफांचा काहीच उपयोग झाला नाही. आजही अमेरिकेच्या सातव्या आरमाराची ध्वजनौका ‘ब्लू रिज’ आहे. तिच्यावर शस्त्रे नावापुरती आहेत, पण सेनापतीच्या कर्मचाऱ्यांसाठी जागा आणि संदेशवहनाची यंत्रणा भरपूर आहे.

सुरक्षिततेचा दावा तर पडद्यावरच कोसळतो. १९८३ च्या स्टार वॉर्स चित्रपटात ॲडमिरल पिएट साम्राज्याच्या अवाढव्य ‘एक्झेक्युटर’ या जहाजावर असतो, आणि बंडखोरांचा ॲडमिरल ॲकबार सगळा मारा तिच्यावर एकवटायला सांगतो. ढाल निकामी होताच एक लहानसे लढाऊ विमान तिच्या नियंत्रणकक्षावर आदळते आणि ताफ्याचा सेनापती एका क्षणात नाहीसा होतो.

उरतो ‘मोठ्याच जहाजावर’ हा दावा. मोठ्या जहाजाने सैनिकांना धीर येतो, हे मी नाकारत नाही. अनेक कथांमध्ये तशी जहाजे आहेतच. पण २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेत अधिक मोठी, नवी आणि सशस्त्र ‘पेगासस’ ताफ्यात येते, तिची ॲडमिरल केन मरण पावते, ‘गॅलॅक्टिका’चा प्रमुख ॲडमा याला ॲडमिरलपद मिळते आणि तरीही तो जुन्या ‘गॅलॅक्टिका’वरच राहतो. मला ही निवड लष्करीदृष्ट्या पटते: त्याचे अधिकारी त्याचा अर्धा शब्दही ओळखतात, आणि ‘पेगासस’ला स्वतंत्र कप्तान दिल्यामुळे ताफ्यातले सर्वांत ताकदवान जहाज सेनापतीच्या जिवाची चिंता न करता लढाईत झोकून देता येते. न्यू कॅप्रिका या ग्रहावर अडकलेल्या माणसांच्या सुटकेत घडते ते हेच: घेरलेल्या ‘गॅलॅक्टिका’ला वाचवण्यासाठी बळी दिली जाते ती ‘पेगासस’.