नऊ इंची भिंतीला तडा कसा आणावा

भाऊ, घरकुलाचा हप्ता खात्यात पडला, विटांचा ट्रॅक्टर दारात रिकामा झाला, रेतीचा ढीग रस्त्यावर पसरला. आता एवढंच करा : विटेवर वीट नेमकी बसवून घ्या. खालच्या रद्द्यातला, म्हणजे विटांच्या थरातला, उभा सांधा आणि वरच्या रद्द्यातला उभा सांधा एका रेषेत आले पाहिजेत. पायापासून लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत, सरळ रेघ उतरली की समजा निम्मं काम झालं. तडा कुठून जायचा, हे भिंतीला शोधत बसावं लागणार नाही.

जुने मिस्त्री इथे फार आडमुठेपणा करतात. वरची वीट खालच्या दोघींच्या खांद्यावर हवी, सांधा निदान पाव वीट तरी सरकलेला हवा, म्हणजे भार पसरतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ते एक रद्दा लांबीत आणि एक रद्दा आडवा, म्हणजे विटेचं तोंड बाहेर ठेवून लावतात. याला इंग्लिश बाँड म्हणतात. तोंडाची वीट नऊ इंचांची पूर्ण जाडी पार करते आणि आतली-बाहेरची बाजू बांधून ठेवते. तुम्हाला ही कटकट कशाला? आतून एक ओळ लांबीत, बाहेरून एक ओळ लांबीत, मधल्या फटीत उरलासुरला सिमेंट-रेतीचा मसाला. बाहेरून कुणालाच कळत नाही, कारण प्लास्टर सगळं झाकतं. मोजायला भिंत नऊ इंची भरते, असतात मात्र साडेचार इंची दोन, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. स्लॅबचं वजन आलं की बाहेरची पोट काढते.

खरी गंमत कोपऱ्यात आहे. तोंडाच्या विटांचा रद्दा कोपऱ्यापासून सुरू केला तर सांधे साडेचार, नऊ, साडेतेरा, अठरा इंचांवर पडतात. लांबीच्या रद्द्यात ते नऊ, अठरा, सत्तावीसवर. म्हणजे नऊ आणि अठरावर दोघांची गाठ पडते आणि पुढेही दर नऊ इंचांनी पडत राहते. हे टाळायला चोख मिस्त्री कोपऱ्यातल्या पहिल्या विटेला लागून एक वीट लांबीत चिरून उभी फाक बसवतो, सव्वादोन इंच रुंदीची. तिचं नाव क्वीन क्लोजर. तिच्यामुळे पुढचे सगळे सांधे सव्वादोन इंच सरकतात. पण वीट लांबीत चिरायची म्हणजे थापीचा हात सराईत हवा, दोन विटा फुटणार, वेळ जाणार, आणि ठेका चौरस फुटावर आहे. तेव्हा फाक विसरा. कोपऱ्यात अद्धे, म्हणजे अर्ध्या विटा, कोंबा, ढिगातले फुटके तुकडे भरा. ही राणी नसली तरी भिंत उभी राहते. निदान बिल निघेपर्यंत.

मधली भिंत मागाहून बांधायची असेल तर मुख्य भिंतीत तिच्या विटा अडकवायला दाते किंवा पायऱ्या सोडू नका. नुसती टेकवा. उन्हाळ्यात तिथून उजेड येतो, विजेची बचत.

विटा भिजवायच्या नाहीत. पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, असं म्हणतात. पण आपल्या चंद्रपूर-नागपूरकडच्या पंचेचाळीस डिग्रीत कोरडी वीट मसाल्यातलं पाणी एका घोटात पिते, तिला कशाला अडवायचं? सकाळचा एकास सहाचा मसाला जेवणानंतर पाणी मारून पुन्हा हलवा. विटेवरचा खळगा खाली करा, पोकळ राहू द्या. लाल वीट आणि राखेची वीट एकाच भिंतीत मिसळा. मापं जुळणार नाहीत, रद्दा आपोआप वरखाली होईल. आणि दिवसाला पाच फुटांवर थांबू नका, दहा चढवा.

केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रॅट ट्रॅप बाँड लोकप्रिय केला : विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. विटा जवळपास पाव भाग कमी लागतात आणि आत उष्णताही कमी येते. आपल्याकडे तो शोभायचा नाही. सोयरे आले, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि पोकळ वाजली, तर पोरीचं लग्न जमेल का?

पाया काळ्या मातीतच दीड फुटावर थांबवा, मुरूम लागेपर्यंत खणू नका. मे महिन्यात माती आकसून भिंतीची भेग रुंदावली की तिच्यात पुट्टी भरा. श्रावणात माती फुगेल, भेग आवळेल, पुट्टीचा पापुद्रा गळेल. दिवाळीला पुन्हा पुट्टी. मिस्त्रीला विचारलंत तर तो काळ्या मातीकडे बोट दाखवेल. ती काही वावरातून उठून उत्तर द्यायला येत नाही.