आरोग्यासाठी रोज चालावे, जमल्यास परतही यावे

गेले तीन आठवडे माझा डावा पाय दोन उशांवर चढवून ठेवलेला आहे, आणि या तीन आठवड्यांत आरोग्याविषयी जेवढे सल्ले मला मिळाले तेवढे त्यापूर्वीच्या सत्तावन्न वर्षांत मिळाले नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदे आणि एक उपाय घेऊन येतो. सफरचंदे संपतात, उपाय साठत जातात. घरात एवढा साठा असताना तो एकट्याने वापरणे बरे नव्हे, म्हणून तन आणि मन निरोगी राखण्याचे काही व्यावहारिक मार्ग मी आपल्यापुढे ठेवत आहे. ते सर्व अनुभवसिद्ध आहेत. कोणाला शंका असल्यास एक्स-रे दाखवण्यात येईल.

सर्वांत पहिला उपाय म्हणजे चालणे. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी आगाऊ भरावी लागते आणि ती भरली की माणूस तिकडे फिरकत नाही. पोहायला तलाव लागतो आणि तलावात पाणी लागते. चालायला मात्र काहीच लागत नाही, असे माझा रक्तदाब 150 वर 96 निघाला त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला सांगितले, आणि सांगून झाल्यावर ते गाडीत बसून घरी गेले. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा हजार पावलांचा जो मंत्र आपण ऐकतो तो मात्र संघटनेचा नाही. 1965 साली जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्याचे नावच ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर, असे ठेवले, आणि दुकानातला तो गोल आकडा पुढे साऱ्या जगाच्या मनगटावर जाऊन बसला. तरीही आपण तो पाळावा. पुण्यात दहा हजार पावले पुरी करणे मुळीच कठीण नाही, कारण त्यांतली चार हजारच पुढे पडतात. बाकीची फुटपाथवरून उतरणे, पुन्हा चढणे, उभ्या रिक्षाला वळसा घालणे आणि दचकून मागे सरणे यांत आपोआप भरून निघतात.

येथे फुटपाथविषयी थोडी तांत्रिक माहिती देणे इष्ट ठरेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथची अडथळा नसलेली रुंदी किमान 1.8 मीटर असावी आणि रस्त्यापासूनची उंची 15 सेंटीमीटरहून अधिक नसावी. पाय उशीवर जाण्यापूर्वी मी एका रविवारी पत्नीच्या शिवणकामाच्या टेपने कोथरूडमधल्या आमच्या फुटपाथची मापे घेतली होती. भिंतीपासून कडेपर्यंतची रुंदी दीड मीटर भरली. त्यातून विजेची डीपी, नगरसेवकपदासाठी इच्छुक असलेल्या एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू आणि गेल्या दिवाळीपासून तेथेच विश्रांती घेत असलेली एक मोटारसायकल वजा केली, तेव्हा माणसासाठी 42 सेंटीमीटर उरले. माणूस खेकड्यासारखा आडवा चालल्यास एवढी जागा पुष्कळ होते. उंची एके ठिकाणी माझ्या गुडघ्याच्या खाली चार बोटे आली. गाड्या चढू नयेत म्हणून ती एवढी ठेवतात, आणि मग गाड्यांना चढता यावे म्हणून प्रत्येक फाटकासमोर तिला उतार काढून देतात. परिणामी साठीच्या माणसाला फुटपाथवर चढता येत नाही आणि स्कूटरला येते. ही सारी योजना गुडघ्यांच्या व्यायामासाठी आहे अशी मनाची समजूत घातल्यास त्रास होत नाही.

चालताना दीर्घ श्वसन करावे. मात्र कोपऱ्यावरचा कचरा पेटवण्याच्या आधी.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. जखमेवर लोक चोळतात ते यात धरू नये.

मन भूतकाळात आणि भविष्यात भरकटू न देता चालू क्षणावर ठेवावे, असे मनःस्वास्थ्याचे जाणकार सांगतात, आणि या सल्ल्याचे मोल मला एका मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कळले. त्या वेळी माझे मन पूर्णपणे पायांखालच्या पेव्हर ब्लॉकांवर होते. ते मला पाठ आहेत. औषधांच्या दुकानासमोरचा तिसरा ब्लॉक डुगडुगतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर पाय पडला की खालचे पाणी थेट पायजम्याच्या नाडीपर्यंत येते, हे ठाऊक असल्यामुळे मी त्याला टाळूनच जातो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मी फुटपाथवर असल्यामुळे तो माझ्यासाठी असेल असे मला वाटले नाही. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हाही वाटले नाही. तिसऱ्या वेळी तो दाबूनच धरलेला होता, म्हणून मी वळून पाहू लागलो, तोच स्कूटरचा आरसा माझ्या कोपराला लागला, तोल सावरताना पाय नेमका त्या तिसऱ्या ब्लॉकवर गेला, ब्लॉक आपल्या स्वभावाप्रमाणे वागला आणि मी भिंतीला घासत खाली बसलो. चष्मा डीपीच्या पेटीखाली गेला.

स्कूटरस्वार थांबला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. वय पस्तिशीचे, हेल्मेट कोपरात अडकवलेले, अंगात कुठल्याशा अर्धमॅरेथॉनचा टीशर्ट, आणि दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरलेली, जांभळ्या रंगाची, गुंडाळलेली योगा मॅट. “काका, एवढा हॉर्न देतोय, ऐकू येत नाही का?” असे त्याने विचारले. हा फुटपाथ आहे, असे मी बसल्या बसल्याच त्याच्या निदर्शनास आणले. त्यावर त्याने मला अगदी समजूतदारपणे सांगितले, “खालून राँग साइड पडते ना काका, पुढे पोलीस उभा असतो. आणि माझी पावणेसातची प्राणायामाची बॅच आहे.” असे म्हणून तो पुढच्या फाटकाच्या उतारावरून खाली उतरला आणि गेला. वेळेवर पोचला असावा. नियमितपणाशिवाय प्राणायामाचा लाभ होत नाही, असे म्हणतात. त्यासाठी अधूनमधून कोणाच्या तरी प्राणावर उठावे लागले, तर तो साधनेचाच भाग मानावा. मला उठवले ते दूधवाल्याने, आणि चष्माही त्यानेच काढून दिला. त्याच्या अंगात साधा शर्ट होता.

हाड शाबूत आहे, लिगामेंट दुखावले आहे.

यानंतर कृतज्ञतेचा उपाय. रोज झोपण्यापूर्वी, ज्यांच्याबद्दल आपण ऋणी आहोत अशा तीन गोष्टी वहीत लिहून काढाव्यात, म्हणजे मन प्रसन्न राहते, असे माझ्या मेव्हण्याने मला कोरी वही भेट देताना सांगितले. मी लिहिल्या. चष्म्याची एकच काच तडकली. पडलो तो रस्त्याच्या बाजूला न पडता भिंतीच्या बाजूला पडलो. स्कूटरला काहीही झाले नाही. चौथ्या दिवसापासून वहीत दुधाचा हिशेब आहे.

झोप सात ते आठ तास घ्यावी. आपल्या देशात 2000 सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि त्यांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाज 45 डेसिबलच्या वर जाता कामा नये, हे वाक्य रात्री साडेअकरा वाजता खिडकीची तावदाने थरथरत असताना मनातल्या मनात म्हटल्यास गुंगी येते. झोपण्यापूर्वी मोबाइल पाहू नये, कारण झोपण्यापूर्वी मोबाइल पाहू नये असा संदेश आपल्याला रात्री पावणेबाराला आलेला असेल.

राहता राहिला सकारात्मक दृष्टिकोन. “जिवावरचे पायावर निभावले असे समजा,” हे वाक्य मी या तीन आठवड्यांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की म्हणणारा दारात चपला काढत असतानाच मी ते पुरे करतो. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तर पायाशी बसून अर्धा तास मला रागाचे शरीरावर होणारे दुष्परिणाम समजावून सांगितले. रागाने रक्तदाब वाढतो, रागाने पित्त वाढते, म्हणून राग सोडून द्यावा आणि घडले त्यात आपले काय चुकले याचा शोध घ्यावा, असे त्यांचे मत पडले. मीही शोध घेतला. माझे चुकले ते असे की मी फुटपाथवरून चाललो. अध्यक्षांची मोठी मोटार गेली दोन वर्षे अर्धी रस्त्यावर आणि अर्धी त्याच फुटपाथवर उभी असते, कारण सोसायटीत त्यांच्या दोन गाड्यांना एकच जागा मिळालेली आहे. आणि त्या मोटारीला वळसा घालण्यासाठी शाळेत निघालेली मुले पाठीवर दप्तरे घेऊन पीएमपीएमएलच्या बससमोर उतरतात, हे मी रोज खिडकीतून पाहतो, कारण सध्या मला दुसरे काम नाही. याचा राग यायचा नाही तर कशाचा यायचा? 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि त्यांत पायी चालणारी 32,825 होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. दिवसाला जवळपास नव्वद. त्यांतले कितीतरी जण कोणाच्या तरी सांगण्यावरून प्रकृतीसाठी चालायला निघालेले असतील. त्यांना कोणी सकारात्मक दृष्टिकोन शिकवणार आहे का? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फुटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्या शहरात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तेथे गाड्या नसतात आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. बारा डिसेंबरला पादचाऱ्याने कुठे जायचे, हे कोणी सांगत नाही.

गेल्या शुक्रवारी डॉक्टरांकडे रक्तदाब पुन्हा मोजला. 158 वर 98. डॉक्टर म्हणाले, चालणे बंद पडल्यामुळे वाढला आहे. पाय बरा झाला की रोज पाऊण तास चाला.

ही थट्टा मला आता पुढे रेटवत नाही. प्रकृतीची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी, हे मला मान्य आहे. मी साखर सोडली, लोणचे सोडले, पहाटे उठू लागलो. पण मी चालायचे कुठून, ही जबाबदारी माझी एकट्याची कशी? आणि सगळा दोष पालिकेवर ढकलून मोकळे होऊ नका. पालिकेने बांधलेल्या फुटपाथवर गाडी चढवायला पालिका येत नाही, तुम्ही येता. तुम्ही मनगटावर पावले मोजता, सकाळी उपाशीपोटी मेथीचे पाणी पिता, मुलांना घेऊन शर्यतीत धावता, त्याचे फोटो टाकता, आणि घरी परतताना तीस सेकंदांचा वळसा वाचवण्यासाठी फुटपाथवर चढून एखाद्या म्हातारीच्या पाठीमागे हॉर्न वाजवता. लाज वाटायला हवी. मलाही हवी, कारण त्याच औषधांच्या दुकानासमोर “दोनच मिनिटे” म्हणत मीही माझी गाडी वर चढवून लावलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा, आणि तो तिसरा ब्लॉक डुगडुगता होण्यात माझ्या गाडीच्या स्टँडचाही वाटा असणार. मी ते बंद केले आहे. त्यासाठी पाय मोडून घ्यावा लागला, ही माझी अक्कल. तुम्ही तेवढी वाट पाहू नका. अध्यक्षमहाशय, दुसरी मोटार परवडते तर तिला ठेवायला जागाही भाड्याने घ्या. भाऊ, तुमचा वाढदिवस होऊन दीड महिना झाला, बांबू उचला. आणि जांभळ्या मॅटवाल्या चिरंजीवा, राँग साइडला पोलीस उभा असेल तर पुढच्या चौकापर्यंत जा, वळ आणि परत ये. बॅच चुकली तर चुकू दे.

सोमवारी माझा घोट्याचा पट्टा सुटतो आहे. मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी काठी घेऊन त्याच फुटपाथवर असेन. मागून हॉर्न वाजवू नका, मी बाजूला होणार नाही. खाली रस्ता आहे, तेथून जा.