मोठेबाबांना मागे बसवून

लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी मोठेबाबा नसावेत. आमच्याकडे आहेत, वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि नागपुरातल्या महाल-इतवारीच्या पत्रिका हळदकुंकू लावून हातोहात द्यायच्या, असा हुकूम सुटला. गाडी माझी, पेट्रोल माझं, मागच्या सीटवर मोठेबाबा.

माझा हिशेब साधा होता. फोनमध्ये पत्ता टाकायचा, आतली बाई सांगेल तिकडे वळायचं, पत्रिका द्यायची, पुढचं घर. पण मोठेबाबांना गल्ली दिसली की ती कुठे निघते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. गांधी गेट ओलांडतो न ओलांडतो तोच पाठीवर थाप.

"थांबव, थांबव! हा वाडा पाडून राहिले वाटते."

उतरले. माल कुठला, मजले किती चढणार, भावाभावांत वाटण्या झाल्या का, धाकट्याला काय मिळालं, सगळं मिस्त्रीला विचारून झालं. मिस्त्री बालाघाटचा, त्याला घरच्या वाटण्या कशा माहीत असणार? माहीत होत्या. शिवाय धाकट्याबद्दल त्याचं स्वतःचं मतही होतं.

इकडे फोनमधल्या बाईने महालात हात टेकले. "उजवीकडे वळा" म्हणाली तिथे एक गाय बसली होती आणि गायीमागे भिंत. मग माणसांना विचारणं आलं. पानठेल्यावाला म्हणाला, "ते सावजीचं हॉटेल आहे ना, जिथं तर्री झणझणीत राहते, त्याच्या मागं." दारात गहू निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ज्यांची सून माहेरी जाऊन बसली, त्यांच्या समोर." एका पोराने फक्त कुत्र्याचं नाव सांगितलं. तिघांनी सांगितलेलं घर एकच होतं. पाटीवरचा घर नंबर मात्र तिघांनाही ठाऊक नव्हता, तो तेवढा माझ्याकडे होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

नवरी मानसशास्त्र शिकते. वडिलांवर ती फुकट संशोधन करते असा मला संशय आहे. तिने सांगितलं, की २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न घातले आणि उत्तराची वाट पाहत असताना मध्येच अनोळखी चेहरे दाखवले. ज्या प्रश्नाची उत्सुकता जास्त, त्या वेळी दिसलेला चेहराही जास्त लक्षात राहिला, आणि त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. उत्सुकतेने मेंदूचं दार उघडलं की आजूबाजूचं सटरफटरही आत घुसतं म्हणे. मोठेबाबांचं तंतोतंत हेच आहे. वाड्याचा भाव विचारायला थांबतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात, की जिना डावीकडे होता, तिसरी पायरी फुटकी होती आणि मालकाला सर्दी झाली होती.

आता माझं ऐका. मी रोज झीरो माइलवरून ऑफिसला जातो. इंग्रजांच्या सर्वेक्षणवाल्यांनी १९०७ साली उभारलेला तो दगडी खांब, शेजारी चार घोडे. घोड्यांची तोंडं कुठे आहेत, विचारा मला. नका विचारू. ऑफिसात विचारलं तर एकाने "घोडे आहेत?" असा उलट प्रश्न केला, तो अस्सल नागपूरकर आहे आणि त्याचाही रोजचा रस्ता तोच. उलट सीताबर्डीचा किल्ला. लष्कराच्या ताब्यात, आपल्याला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे मोजकेच दिवस आत सोडतात. शाळेत असताना रांगेत उभा राहून गेलो होतो. १८१७ ची लढाई इथेच झाली म्हणून आत काय काय दडवलं असेल, या विचाराने आदल्या रात्री झोप नव्हती. तो चढ, त्या तोफा, पुढच्या काकांच्या शर्टावरच्या चौकटी, सगळं अजून जसंच्या तसं. झीरो माइललाही कुलूप लावून वर्षातून दोनदा उघडलं, तर घोड्यांचे दातसुद्धा लोक मोजून येतील.

असो. महालातल्या शेवटच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पत्रिका दिली, अक्षता दिल्या, चहा आला. मी उठायच्या बेतात असताना यजमानांनी पत्रिकेच्या मागचा नकाशाचा चौकोन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे मंगल कार्यालय नेमकं कुठं येते?"

मोठेबाबांनी कपाचं पाणी बशीभोवती फिरवून चौक काढले, साखरेचा डबा ठेवून पेट्रोलपंप उभा केला. मग म्हणाले, "तुमच्या मागच्या अंगणात पूर्वी विहीर होती ना हो? बुजवली का?"

"छे! पाणी आहे अजून. पाहता का?"

पिशवीतल्या उरलेल्या पत्रिकांकडे मी एकदा पाहिलं आणि घरी फोन लावून कळवलं, की इतवारी आता सोमवारवर गेली.