बोतेकोला दार नसतं

आपल्याकडे ‘आज बसायचं का?’ असं विचारताना आवाज आपोआप खाली जातो. परमिट रूमच्या काचा काळ्या, आत झिरोचा बल्ब, ताटलीत काय आलंय ते चाचपून बघायचं. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेला नोकरीसाठी आलो तेव्हा डोक्यात हेच होतं. कोपऱ्यावरच्या बोतेकोत (म्हणजे इथला साधा, गल्लीतला बार) पहिल्यांदा गेलो तर दारच सापडेना. नव्हतंच! शटर वर, लख्ख ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या थेट फुटपाथवर. एक आजी नातवाला कोशिन्या (कोंबडीचं सारण भरून तळलेला प्रकार) फुंकून फुंकून भरवत होती, आणि तिची बिअर समोर उघडी.

बोतेको हा शब्द पोर्तुगीज ‘बोतिका’वरून आला, म्हणजे औषधाचं दुकान. आता हसा.

बिअर ६०० मिलीची, टेबलाच्या मधोमध एकच. प्रत्येकापुढे १९० मिलीचा छोटा काचेचा ग्लास. का, तर गरम व्हायच्या आत संपावी. ग्लास रिकामा दिसला की शेजारचाच भरतो. बाटलीवर पांढरा बर्फ धरलेला असला की लोक कौतुकाने म्हणतात, ‘गवंड्याची नडगी!’ सिमेंटने पांढरी झालेली नडगी हो.

चकण्यात माझी निवड ठरलेली: मेर्कादो सेंत्राल या इथल्या मंडईत उभ्याउभ्या खायची, तव्यावर कांद्यासोबत परतलेली कलेजी आणि जिलो. जिलो म्हणजे दिसायला लहान हिरवं वांगं, चवीला कारल्याचा भाऊ. कारलं आवडणाऱ्या माणसाला इथे परकं वाटणारच नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसवाले एका ‘गूर्मे बोतेको’त घेऊन गेले. एसी, प्रत्येकाला वेगळी छोटी बाटली, पाटीच्या दगडावर तीन कोशिन्या. आणि काचेचं दार! दार ढकलूनच शिरायचं तर आपली परमिट रूम काय वाईट होती?

काही जण याचं खापर ‘कोमिदा दि बुतेको’ या बोतेकोंच्या पदार्थांच्या स्पर्धेवर फोडतात. मला ते पटत नाही. २००० साली याच शहरात सुरू झालेल्या या स्पर्धेत पदार्थाबरोबर स्वच्छतेला, वागणुकीला आणि पेय किती गार आहे यालाही गुण असतात. साखळी हॉटेलांना त्यात जागा नाही. बिघडवलंय ते आमच्यासारख्या पगारदारांनी, ज्यांना बोतेको हवा पण फुटपाथ नको.

निघतानाच्या शेवटच्या बाटलीला इथे ‘सायदेरा’ म्हणतात. काल आमची तिसरी सायदेरा चालू असताना मालकाने शटर अर्ध्यावर ओढलं. तेवढ्यात एक जण वाकून आत आला आणि खुर्ची ओढून आमच्यातच बसला.